पंपाचं दुखणं आणि पॉलिटेक्निकची कार्यशाळा



उसाला पाळी द्यायची असते, थ्री-फेज लाइट रात्रीची असते आणि पाइपातून पाणी मात्र बेताचंच पडतं. मग एका रात्रीच्या कामाला दोन रात्री लागतात. बॅटरी घेऊन सरीत उभं राहायचं, विंचूकाट्याची भीती वेगळीच. अशा वेळी आपण काय म्हणतो? "मोटार लहान पडती, मोठी बसवा."

मीही हेच म्हणालो होतो. नोकरीच्या पहिल्या वर्षी कृष्णाकाठच्या एका वयस्क बागाइतदारांना मी तीनऐवजी पाच हॉर्सपॉवरचा पंप घ्यायला सांगितलं. त्यांनी कर्ज काढून तो बसवला. पाणी फारसं वाढलं नाही. पुढं त्यांचा पुतण्या पॉलिटेक्निकला गेला आणि आपल्या सरांना व दोघा-तिघा मुलांना घेऊन विहिरीवर आला. दोन तासांत दुखणं सापडलं. फूटव्हॉल्व्हची, म्हणजे आपण ज्याला 'फुटबॉल' म्हणतो त्याची, जाळी शेवाळानं बुजली होती. सक्शनचा पाइप बारीक होता आणि त्याला दोन काटकोनी एल्बो होते. मोटारीचा दोष नव्हताच. सल्ला माझा, पैसे मात्र त्यांचे गेले. तुमचे जाऊ नयेत म्हणून हे लिहितो आहे.

आधी स्वतः मोजा

काठावरच्या पंपाची परीक्षा घरच्या घरी करता येते. दोनशे लिटरचा ड्रम पाटाच्या तोंडाशी ठेवा आणि तो किती सेकंदांत भरतो ते घड्याळावर पाहा. असं तीनदा करा. त्या बागाइतदारांचा ड्रम ५० सेकंदांत भरत होता, म्हणजे सेकंदाला ४ लिटर. दुरुस्तीनंतर तो २८ सेकंदांत भरू लागला, म्हणजे सेकंदाला ७ लिटरांहून थोडं जास्त.

याचा अर्थ काय? एक एकराला पाच सेंटिमीटर पाणी द्यायचं तर साधारण दोन लाख लिटर लागतं. पहिल्या धारेनं त्याला १४ तास लागतात, दुसऱ्या धारेनं ८. दोन रात्रींचं जागरण एका रात्रीवर आलं ते असं.

आता दुसरं माप. पंप चालू असताना विहिरीतल्या पाण्यापासून पाइपाच्या तोंडापर्यंतची उभी उंची दोरीनं मोजा. साधारण ३.३ फुटांचा एक मीटर धरा. पाइपातल्या घर्षणापोटी त्यात थोडी भर घाला. मग सेकंदाचे लिटर गुणिले मीटर, भागिले ७५. येईल तेवढी हॉर्सपॉवर पाण्याच्या वाट्याला आली. ४ लिटर आणि १८ मीटर असतील तर उत्तर येतं ०.९६. पाचाची मोटार आणि पाण्याला एकसुद्धा पुरती नाही! चांगल्या पंपात मोटार ओढते त्या शक्तीपैकी निम्म्याच्या आसपास तरी पाण्याला मिळायला हवी.

आणखी एक पाहा. उन्हाळ्यात विहिरीचं पाणी खाली जातं, पंप मात्र वरच राहतो. पाणी आणि पंप यांत वीस फुटांहून जास्त अंतर पडलं की पाणी ओढणं जड जातं. पंप खालच्या टप्प्यावर घेणं हाच त्याला उपाय.

मग पॉलिटेक्निक कशाला?

दुखणं आहे हे ड्रम सांगतो. ते नेमकं कुठं आहे ते सांगायला उपकरणं लागतात. सक्शनवर निर्वात मोजणारा गेज, डिलिव्हरीवर दाबाचा गेज आणि मोटार किती वीज ओढते ते दाखवणारा मीटर. कराड आणि मिरज इथं शासकीय तंत्रनिकेतनं आहेत. दहावीनंतर इंजिनिअरिंगची पदविका देणाऱ्या या संस्थांत शेवटच्या वर्षी मुलांना एक प्रकल्प करावा लागतो. पुष्कळदा विषय पुस्तकातून निवडला जातो. तो तुमच्या विहिरीवरून का निवडू नये? शिवाय हीच मुलं शिकाऊ म्हणून कारखान्यांत जातात. तुमचं गाऱ्हाणं मापासकट त्यांच्या वहीत गेलं, तर ते कारखान्याच्या दारापर्यंत पोचू शकतं.

हे नवं नाही. लक्ष्मणराव किर्लोस्कर मुंबईच्या व्हिक्टोरिया ज्युबिली टेक्निकल इन्स्टिट्यूटमध्ये शिक्षक होते. पुढं त्यांनी बेळगावात लोखंडी नांगर केला. लोखंडानं जमीन नासते असा तेव्हा लोकांचा समज होता. पहिला नांगर विकायला दोन वर्षं लागली असं सांगतात. १९१० मध्ये औंध संस्थानच्या राजांनी कुंडल रोड स्टेशनजवळ जागा दिली आणि तिथं किर्लोस्करवाडी उभी राहिली. पुढं त्याच वाडीत पंपही तयार होऊ लागले. शिक्षक, कारखाना आणि शेतकरी या तिघांची गाठ पडली तेव्हा अवजार सुधारलं. पाडेगावच्या ऊस संशोधन केंद्राचा वाणसुद्धा शेतावर पारखल्याशिवाय आपण धरत नाही. यंत्राचंही तसंच आहे.

खेड्यांची कामं पॉलिटेक्निकनं करावीत म्हणून केंद्र सरकारनं १९७८-७९ मध्ये सामुदायिक तंत्रनिकेतन योजनाही सुरू केली होती. तेव्हा तिथं जायला संकोच कशाचा?

जाताना काय करावं

१. शैक्षणिक वर्षाच्या सुरुवातीला जावं. प्रकल्पाचे विषय तेव्हाच ठरतात.

२. यंत्र विभागाच्या प्रमुखांना भेटावं. "पंप चालत नाही" एवढंच सांगू नये. कागदावर लिहून न्यावं: ड्रमचे सेकंद, पाण्याची उंची, पाइपाची जाडी, एल्बो किती, पंप कधी बसवला, मोटार किती वेळा जळाली.

३. सामानाचा खर्च कोणी करायचा ते आधीच ठरवावं.

४. तपासणीच्या वेळी मेन स्विच बंद केल्याशिवाय स्टार्टरला हात लावू नये, मुलांनाही लावू देऊ नये. विहिरीच्या काठावर एक जाणता माणूस उभा ठेवावा.

५. अहवालाची एक प्रत मराठीत मागून घ्यावी.

मुलं शिकतच असतात; पहिला उपाय चुकूही शकतो. म्हणून बदल एका वेळी एकच करावा आणि प्रत्येक बदलानंतर ड्रम पुन्हा लावावा. सेकंद कमी झाले तर उपाय खरा, नाही तर नाही. मग सांगणारा मी असो, सर असोत की दुकानदार.

नवी मोटार घ्यायचा विचार असेल तर या आठवड्यात एवढंच करा: फुटबॉल वर काढून जाळी धुवा आणि ड्रम लावून पाहा. कर्जाचा कागद त्यानंतर. रामराम!