जर्नलमधला उकिरडा

एकतीस वर्षं हडपसरच्या एका शाळेत मी प्रयोगशाळा साहाय्यक होते. बाटल्या धुणं, द्रावणं करून ठेवणं, किपच्या उपकरणात आम्ल भरणं आणि मुलांनी सांडलेलं पुसणं, हे माझं काम. रसायनशास्त्र मी पुस्तकातून शिकले त्यापेक्षा नाकाने जास्त शिकले. निवृत्तीनंतर हे नाक कशाच्या उपयोगी पडेल असं वाटलं नव्हतं. आता ते रोज सकाळी साडेसहाला आमच्या तिसऱ्या मजल्याच्या गॅलरीत, एका भोकं पाडलेल्या बादलीवर वाकलेलं असतं.

या बादलीची सुरुवात एका पाण्याच्या बाटलीने झाली. आमच्या शाळेत फुरसुंगीची बरीच मुलं यायची. त्यातल्या आठवीच्या एकाने घरच्या विहिरीचं पाणी बाटलीत भरून आणलं. ‘बाई, हे तपासता येतं का?’ पाण्याला कोऱ्या चहाचा रंग होता. वास घ्यायला तपासणीची गरज नव्हती. उरुळी देवाची आणि फुरसुंगीच्या खाणींमध्ये पुण्याचा कचरा वर्षानुवर्षं पडत होता, ओल्यात सुका मिसळून. ओला कचरा दडपला की त्यातून काळं पाणी सुटतं. ते वाटेत भेटेल ते विरघळवत खाली जातं आणि पावसाबरोबर विहिरींना मिळतं. हे मला माहीत नव्हतं असं नाही. संध्याकाळचा वारा फिरला की हडपसरलाही त्या कचरा डेपोचा वास यायचाच. पण त्या बाटलीत माझ्याही घरच्या भेंडीचे देठ असतील, हे त्या दिवशी पहिल्यांदा डोक्यात आलं.

पुढे २०१७च्या एप्रिलमध्ये डेपोला आग लागली. ग्रामस्थांनी कचऱ्याच्या गाड्या अडवल्या, आणि जवळपास तीन आठवडे पुण्याचा कचरा पुण्यातच राहिला. चौकाचौकात ढीग. लोक नाकाला रुमाल लावून जाताना गावकऱ्यांना नावं ठेवत होते. ‘आता कचरा टाकायचा कुठे?’ हा प्रश्न मी बसमध्ये निदान वीस वेळा ऐकला. तो इतकी वर्षं कुठे टाकत होतो, हे मात्र कुणी विचारलं नाही.

त्या जूनमध्ये मी एका मुलाचं अर्धवट सोडलेलं जर्नल घरी आणलं आणि पहिल्या कोऱ्या पानावर प्रयोगासारखं लिहिलं. उद्देश: घरातला ओला कचरा सोसायटीच्या फाटकाबाहेर जाऊ न देणे. एवढा एकच. मोठे संकल्प मला झेपत नाहीत, हे त्याआधी सिद्ध झालं होतं. रिठ्याने कपडे धुण्याचा नेम सतरा दिवस टिकला. गाडी न वापरण्याचा नेम आमच्याकडे गाडी नसल्यामुळे शंभर टक्के यशस्वी झाला, पण तो मोजायचा की नाही यावर घरात एकमत नाही. कापडी पिशवी मात्र राहिली. दुधाच्या पिशवीचा कोपरा पूर्ण कापून टाकायचा नाही, लटकता ठेवायचा, हेही राहिलं. सुटलेला तो नखाएवढा तुकडा इतका लहान असतो की भंगारात कुणी वेचत नाही आणि तो थेट गटारात जातो.

आणि बादली राहिली. तिला बाजूने सोळा भोकं, तळाला आठ, खाली मातीचं ताट. माझ्या सासूबाई माण तालुक्यातल्या दहिवडीजवळच्या. त्यांनी पहिल्याच दिवशी बघितलं आणि म्हणाल्या, ‘उकिरडा तिसऱ्या मजल्यावर आणलास व्हय गं? आमी जलमभर तो घरापासनं लांब ठिवला.’

त्यांचं म्हणणं चूक नव्हतं, फक्त भोकांचा विचार त्यात नव्हता. उकिरडा उघड्यावर असतो, त्याला वरून हवा मिळते, आत नाही. यवतमाळ जिल्ह्यातल्या पुसदच्या नारायण देवराव पांढरीपांडे यांनी नेमकं हेच हेरलं. त्यांच्या नावाच्या आद्याक्षरांवरून ओळखलं जाणारं ‘नाडेप’ खत शेतकऱ्यांना माहीत असतंच. जमिनीवर विटांचं टाकं बांधायचं आणि भिंतींत मुद्दाम जाळीसारखी भोकं सोडायची. काडीकचरा, शेण आणि मातीचे थर देऊन वरून लिंपून टाकायचं. त्याच्याही आधी, इंग्रज शास्त्रज्ञ अल्बर्ट हॉवर्ड यांनी इंदूरला खताची जी पद्धत बसवली ती ‘इंदूर पद्धत’ म्हणून जगभर गेली. त्यांनीही इथल्या शेतकऱ्यांकडून बरंच उचललं होतं. माझी बादली म्हणजे नाडेपच्या टाक्याचं नातवंड, प्लॅस्टिकचं.

भोकांचं महत्त्व असं. कचरा कुजवणारे जिवाणू दोन जातकुळीचे. एकांना हवा लागते. ते भाजीची सालं खातात आणि कार्बन डायऑक्साइड, पाणी आणि ऊब मागे ठेवतात. दुसऱ्यांना हवा चालत नाही. ते मिथेन सोडतात, जोडीला सडक्या अंड्यांच्या वासाचा हायड्रोजन सल्फाइड. शंभर वर्षांचा हिशोब धरला तर मिथेन हा कार्बन डायऑक्साइडच्या साधारण २८ पट उष्णता धरून ठेवतो. कचऱ्याच्या डोंगराच्या पोटात हवा नसते, म्हणून तिथे दुसऱ्या जातीचं राज्य. डोंगर धुमसतात तेही या वायूमुळे. मुंबईत देवनारला १९२७पासून कचरा पडतो आहे. जानेवारी २०१६मध्ये तिथे लागलेल्या आगीचा धूर उपग्रहाच्या छायाचित्रांत दिसला होता.

माझ्या बादलीत दुसरी जात शिरली की मला झाकण काढण्याआधी कळतं. किपचं उपकरण उघडल्यासारखा, सडक्या अंड्यांचा वास आला, म्हणजे आत पाणी झालंय, हवा कोंडली आहे. ढवळायचं आणि पाचोळा घालायचा. लायकर अमोनियाच्या बाटलीसारखा नाकात घुसणारा वास आला, तर नायट्रोजन जास्त झाला. बहुतेक आदल्या दिवशी डाळीचं पिठलं उरलेलं असतं. त्यावरही उपाय पाचोळाच. कुजणाऱ्या मालात नायट्रोजनच्या एका भागाला कार्बनचे पंचवीस ते तीस भाग असले की काम सुरळीत चालतं. स्वयंपाकघरातला कचरा एकटा त्याच्या खूप खाली असतो, आणि ती भरपाई सुकी पानं करतात. आंबट, ताक नासल्यासारखा वास आला तर लिंबाची सालं जास्त पडली आहेत, थोडं थांबायचं. आणि पहिल्या पावसानंतरच्या मातीचा वास आला की बादली रिकामी करायला हरकत नाही. विरजण म्हणून जुनं खत दोन मुठी खाली ठेवायचं. दह्याचं जे शास्त्र, तेच इथे.

हे सगळं मला पहिल्या महिन्यात कळलं असं समजू नका. पहिल्या पावसाळ्यात ताट भरून वाहिलं आणि काळं पाणी खालच्या मजल्यावर वाळत घातलेल्या गणवेशाच्या पांढऱ्या शर्टावर पडलं. खालच्या वहिनी वर आल्या त्या शर्ट घेऊनच. मी तो तीनदा धुतला, डाग गेला नाही, नवीन आणून दिला. जर्नलमध्ये नोंद आहे: ‘खर्च रु. २८०. कारण: पाचोळा संपला होता.’ त्यानंतर आल्या अळ्या. राखाडी, चपट्या, वळवळणाऱ्या, शेकड्यांनी. माझे यजमान त्या दिवसापासून गॅलरीत चहा घेत नाहीत. वाचल्यावर समजलं की या काळ्या सैनिक माशीच्या अळ्या. भयंकर खादाड, पण मोठी झालेली माशी खातच नाही, त्यामुळे ती आपल्या जेवणावर येऊन बसत नाही. मी त्यांना राहू दिलं. बादली आठवड्यात निम्मी झाली. यजमानांचा चहा अजून आतच आहे.

पाचोळ्याची गोष्ट वेगळी सांगायला हवी, कारण माझी खरी धावपळ त्याच्यासाठी असते. फेब्रुवारी-मार्चमध्ये आमच्या रस्त्यावरचे पर्जन्यवृक्ष पानं टाकतात. ही पानं बारीक, लवकर कुजणारी. आंब्याचं पान चिवट, ते वर्षभर तसंच दिसतं. पूर्वी आमचा वॉचमन ही पानं झाडून फाटकापाशी पेटवायचा. उघड्यावर कचरा जाळला तर पाच हजारांचा दंड, असा राष्ट्रीय हरित लवादाचा २०१६चा आदेश आहे. मी तो त्याला वाचून दाखवला. त्याने शांतपणे विचारलं, ‘मग ही पानं ठेवू कुठं, मॅडम?’ उत्तर द्यायची पाळी माझी होती. तेव्हापासून सिमेंटच्या बारा रिकाम्या गोण्या पानांनी भरून जिन्याखाली उभ्या असतात. पुण्यात ‘ब्राउन लीफ’ नावाचा उपक्रम आहे, ज्यांच्याकडे पानं जास्त त्यांची ती ज्यांना हवी त्यांच्याशी गाठ घालून देणारा. आमच्या गोण्या मात्र आम्हालाच पुरत नाहीत.

रोज सकाळी बादलीत घालण्याआधी मी कचरा तोलते. जुन्या बाजारातून आणलेला काटा आहे, दहा ग्रॅमपर्यंत खरा. चार माणसांच्या घराची पहिल्या वर्षीची रोजची सरासरी ७४० ग्रॅम निघाली. म्हणजे वर्षाला २७० किलो. आंब्यांच्या दिवसांत रोजचा आकडा दुप्पट होतो, एकादशीला केळ्यांच्या सालींनी वर जातो, गौरी जेवतात त्या दिवशी चार किलो. त्यातून चाळून खत मिळालं ४८ किलो. ‘बाकीचं गेलं कुठं?’ असं आईंनी, म्हणजे सासूबाईंनी, विचारलं. शाळेत वस्तुमानाच्या अक्षय्यतेचा नियम मी फळ्यावर शेकडो वेळा पाहिलेला. भाजीपाल्यात निम्म्याहून कितीतरी जास्त पाणीच असतं. ते वाफ होऊन गेलं, आणि बराच कार्बन हवेत. म्हणजे इतकी वर्षं ट्रक डिझेल जाळून हडपसरवरून फुरसुंगीला जे वाहून नेत होते, त्यात मोठा वाटा पाण्याचा होता.

बादलीचा फायदा कुणाला झाला, याचं उत्तर मला खतात मिळालं नाही, जिन्यात मिळालं. आमच्याकडे ‘स्वच्छ’च्या मावशी येतात. ‘स्वच्छ’ ही कचरावेचकांची स्वतःची सहकारी संस्था. ती २००८मध्ये सुरू झाली, आणि तिच्या मागे १९९३पासूनची ‘कागद काच पत्रा कष्टकरी पंचायत’ आहे. घरामागे मिळणारं महिन्याचं शुल्क आणि विकलेलं भंगार, यावर मावशींचा संसार. ओल्या आमटीत भिजलेला कागद रद्दीवाला घेत नाही, हे मला त्यांनी सांगेपर्यंत सुचलं नव्हतं. २०१६च्या घनकचरा नियमांत ओला, सुका आणि घरगुती घातक असे तीन भाग लिहिले होते. मावशींच्या लेखी भाग दोनच, विकतो तो आणि हात घाण करतो तो. सॅनिटरी पॅड कागदात गुंडाळून वर लाल ठिपका काढायची पद्धत याच बायकांच्या सांगण्यातून रुजली. आमच्या जिन्यात ती रुजायला दोन सभा आणि एक भांडण लागलं.

आता जर्नलमधली ती पानं, जी मी पाहुण्यांना दाखवत नाही. २०२२मध्ये मुलीच्या बाळंतपणासाठी जर्मनीला गेले. तीन महिने बादली यजमानांकडे. नोंदी त्यांच्या अक्षरात, अकरा दिवस नीट आणि मग एकच ओळ: ‘उरलेले दिवस बाहेर. क्षमस्व.’ ते ठीक. पण विमानात बसल्या बसल्या मी दुसरा हिशोब केला. एका माणसाच्या जाण्यायेण्याच्या विमानप्रवासाला टनाच्या आगेमागे कार्बन डायऑक्साइड. माझ्या बादलीने वाचवलेला मिथेन त्याच मापात मांडला, तर ढोबळ हिशोबाने काही वर्षांची बादली त्या एका फेरीत गेली. दोन रात्री नीट झोप आली नाही. मग नात झाली आणि झोप वेगळ्या कारणाने गेली. पुन्हा बोलावलं तर पुन्हा जाईन, हे मला माहीत आहे, म्हणून ‘विमान नको’ असं मी जर्नलमध्ये लिहिलेलं नाही. न पाळण्यासाठी लिहिलेले संकल्प मुलांच्या जर्नलमध्ये खूप पाहिले. तिथे निरीक्षणाआधीच अनुमान लिहून तयार असायचं.

फुरसुंगीच्या विहिरीचं पाणी माझ्या बादलीने निवळलं का? नाही. एवढंच झालं की मी त्या मुलासमोर उभी राहू शकते. तो आता रिक्षा चालवतो, कधी स्टँडवर भेटतो. मी बादलीबद्दल सांगितलं तेव्हा तो हसला आणि म्हणाला, ‘बाई, आमच्याकडे अजून टँकरच येतोय.’

राहता राहिल्या करवंट्या. नारळाची करवंटी माझ्या बादलीत कुजत नाही. पहिल्या वर्षीची एक मी खूण करून ठेवली होती, ती अजून जशीच्या तशी चाळणीवर राहते. फाटकाबाहेर पाठवायची तर उद्देश मोडतो, म्हणून त्या माळ्यावर साठत गेल्या. दीड गोणी झाल्या. गेल्या दिवाळीआधी आई गावाकडे निघाल्या, तेव्हा त्यांनीच गोणीचं तोंड शिवलं. ‘चुलीला करवंटीवानी जळण न्हाई,’ म्हणाल्या. फाटकाबाहेर गेलं म्हणून मी नोंद कुठल्या रकान्यात करायची, यावर आमचा वाद झाला. स्वारगेटला त्यांना एसटीत बसवलं. कंडक्टरने गोणीला पाय लावून पाहिला. आतून खडखड आवाज.

‘आजी, काय भरलंय यात?’

आईंनी पदर सावरला. ‘पुण्याचा कचरा,’ म्हणाल्या. ‘गावाला चाललाय.’