गुलामांनीच भरलेली नुकसानभरपाई

फ्रेंच मळेवाल्यांशी लढून हैतीतल्या गुलामांनी १८०४ साली स्वतःचं राष्ट्र उभं केलं. १८२५च्या जुलैमध्ये फ्रान्सच्या युद्धनौका तिथे थडकल्या. राजे दहावे चार्ल्स यांचं फर्मान होतं : १५ कोटी फ्रँक भरा, फ्रेंच मालावरची जकात निम्मी करा, मग स्वातंत्र्याला मान्यता देऊ. रक्कम कशापोटी, तर मळेमालकांच्या बुडालेल्या मालमत्तेपोटी. त्या मालमत्तेत माणसंही धरलेली!

अध्यक्ष ज्यां-पिएर बॉयर कबूल झाले. पहिल्याच हप्त्यासाठी पॅरिसमध्ये ३ कोटींचं कर्ज काढावं लागलं. हाती आले २ कोटी ४० लाख. बाकीचे बँकवाल्यांनी आधीच कापून घेतले, व्याज मात्र पूर्ण ३ कोटींवर. १८३८मध्ये एकूण मागणी ९ कोटींवर आली, तरी कर्ज फेडायला नवं कर्ज हे चालूच राहिलं. भार पडला कॉफी पिकवणाऱ्या शेतकऱ्यावर, निर्यातकराच्या रूपाने. या साखळीतलं शेवटचं देणं फिटलं १९४७ साली. हैतीचे राज्यकर्तेही धुतल्या तांदळासारखे नव्हते, हे खरंच. पण तिजोरीला भोक पाडलं ते बाहेरच्यांनी.

गरीब देश पुढे कसे जातात, हे सांगायला अर्थतज्ज्ञ वॉल्ट रोस्टो यांनी १९६०मध्ये विकासाच्या पाच पायऱ्या मांडल्या. शिडी देखणी आहे. पण हैतीसारखी बचतच परदेशी जात असेल तर चढायचं कसं, हे ती सांगत नाही. आंद्रे गुंडर फ्रँक आणि वॉल्टर रॉडनी या अभ्यासकांनी नेमकं तिथेच बोट ठेवलं. आपल्या दादाभाई नौरोजींनी तर ते एकोणिसाव्या शतकातच ठेवलं होतं.

२००३ साली हैतीचे अध्यक्ष ज्यां-बर्त्रां अरिस्टीड यांनी फ्रान्सकडे २१ अब्ज डॉलरहून अधिक रक्कम परत मागितली. पुढच्याच वर्षी त्यांची सत्ता गेली.