पाळण्याजवळचा पहारा

सकाळी 7.30
कामावर आल्यावर आधी फोनची यादी काढते. मी परिचारिका, मूळची सातारा जिल्ह्यातली. आता टेक्सासमधल्या माजी सैनिकांच्या एका सरकारी रुग्णालयात गरोदर आणि बाळंतीण माजी सैनिक बायकांची समन्वयक आहे. आमच्याकडे बाळंतपणं होत नाहीत. बाई बाहेरच्या खासगी रुग्णालयात जाते, खर्च सरकार करतं आणि विचारपूस मी फोनवरून करते. पूर्वी ही विचारपूस बाळंतपणानंतर आठ आठवड्यांत थांबायची. ऑक्टोबर 2023पासून ती वर्षभर चालते. आज यादीत अकरा नावं आहेत. ती इथे लिहिणार नाही.

8.10
पहिला फोन तीन महिन्यांच्या बाळंतिणीला.
"रात्री झोप किती झाली?"
"दोन तास."
"बाळ उठवतं का?"
"नाही, तो छान झोपतो. मीच उठते."
पुढचं दार, मागचं दार, खिडक्या, मग बाळाचा श्वास. मग पुन्हा पुढचं दार. 2011 मध्ये ही अफगाणिस्तानात रसदीचा ट्रक चालवायची. रस्त्याकडेची पिशवी, मेलेलं कुत्रं, ताजी उकरलेली माती, यांतलं काहीही फुटू शकायचं. जी नजर सतत शोधत राहिली, तिनेच तिला जिवंत परत आणलं. ओली बाळंतीण तशीही सावध झोपते. त्यात ही जुनी सावधगिरी मिसळली की झोप उरतच नाही.

"काळजी करू नका" असं मी म्हणत नाही. ते शब्द तिच्यापर्यंत पोचत नाहीत. मी विचारते, "तिथे सलग चोवीस तास पहारा एकच शिपाई द्यायचा का?" ती थोडा वेळ गप्प राहते. मग आम्ही पाळ्या लावतो. रात्री दहा ते दोन नवरा, तेवढा वेळ ती ड्युटीवर नाही. पहारा बदलल्यावर झोपायचं असतं, हे तिला लष्करानेच शिकवलं आहे. समुपदेशकाची वेळही याच आठवड्यातली घेते.

9.40
छत्तिसावा आठवडा लागलेल्या एकीसाठी प्रसूतीच्या रुग्णालयात फोन. "पेशंट माजी सैनिक आहे," असं सांगताच पलीकडून विचारतात, "म्हणजे नवरा का?" हा प्रश्न दर महिन्याला ऐकते आणि दर वेळी तितकाच लागतो.

मी सांगत जाते: खाट अशी लावा की तिला दार दिसेल. पाठीमागून येऊन हात लावू नका. आतली तपासणी करण्याआधी सांगा, विचारा, आणि ती थांबा म्हणाली तर थांबा. आमच्या सेवेत येणाऱ्या साधारण तीनपैकी एक बाई विचारल्यावर सांगते की नोकरीत असताना तिच्यावर लैंगिक अत्याचार किंवा छळ झाला. बहुतेकदा आपल्याच गणवेशातल्या माणसाकडून. कळा सुरू असताना अनोळखी हात आणि "हलू नका" हा हुकूम तिला कुठे नेऊन सोडतो, हे खाटेजवळच्या माणसाला माहीत असायलाच हवं. एका रुग्णालयाने अशाच एका बाईच्या कागदावर 'सहकार्य करत नाही' एवढंच लिहिलं होतं. त्या शेऱ्याचा राग माझ्या मनातून अजून गेलेला नाही.

12.30
डबा. शेजारच्या टेबलावर एक तरुण डॉक्टर म्हणतो, "पण बायका प्रत्यक्ष लढाईत कुठे होत्या?" कागदावर नव्हत्या, हे खरं. आघाडीवरच्या लढाऊ तुकड्यांत बायकांना असलेली बंदी उठवायचा निर्णय 2013 मध्ये झाला. पण इराकच्या रस्त्यांवर आघाडी आणि पिछाडी असा भेदच नव्हता. 23 मार्च 2003 ला नासिरियात अमेरिकी सैनिक लोरी पिएस्टेवाच्या तुकडीवर हल्ला झाला. ती होपी जमातीची, दोन लहान मुलांची आई. ती परत आली नाही. मी त्याला एवढंच सांगितलं. तो ऐकत राहिला.

जेवताना माझे काका आठवले. मराठा लाइट इन्फंट्रीतून 1971ची लढाई करून आलेले. पुढे कित्येक वर्षं ते दुपारी आडवे झाले की आजी आम्हा पोरांना अंगणात पिटाळायची, "दादाला झोपू द्या, लई बघून आलाय त्यो." अख्खं घर पाय न वाजवता चालायचं. त्यांनी पोरांना जवळ घेतलं नाही, तरी कुणी त्यांना वाईट बाप म्हटलं नाही. माझ्या यादीतल्या बायकांच्या वाट्याला हे येत नाही. आई गप्प राहिली, दचकली, ओरडली, की लगेच प्रश्न येतो: ही कसली आई?

2.00
आजचा सगळ्यात लांब फोन. हिची मोठी मुलगी अठराची आहे आणि धाकटा पाच महिन्यांचा. मोठी सहा महिन्यांची असताना हिला इराकला पाठवलं. तेव्हा लष्करात बाळंतपणानंतर चार महिन्यांनी अशी रवानगी होऊ शकायची. 2022पासून वर्षभराची सूट आहे. जाण्यापूर्वी मूल कोण सांभाळणार, याच्या कागदावर हिने सही केली. परत आली तेव्हा मुलगी आजीला 'आई' म्हणत होती आणि हिला बघून आजीच्या मागे लपली.

"काल हा पहिल्यांदा पालथा पडला," ती सांगते. "मला हुंदका आवरेना. मोठी कधी पालथी पडली, मला ठाऊकच नाही."

मी काही बोलले नाही. बराच वेळ आम्ही दोघी बाळाचे आवाज ऐकत होतो. मग ती म्हणाली, "मोठी दारात उभी होती. तिने विचारलं, मी पण असंच रडवलं होतं का तुला?" आज संध्याकाळी त्या दोघी पहिल्यांदा त्याबद्दल बोलणार आहेत.

3.30
औषधांचे फोन. दिवस राहिल्याचं कळताच कित्येक जणी मनाच्या आजारावरच्या गोळ्या परस्पर बंद करतात. डॉक्टरांशी बोलल्याशिवाय करू नका, हे दिवसातून चारदा सांगते. अमेरिकेत माजी सैनिक बायकांची सोळा हजारांवर बाळंतपणं तपासून 2014 मध्ये एक अभ्यास प्रसिद्ध झाला. बाळंतपणाआधीच्या वर्षात मानसिक आघाताचा विकार (पीटीएसडी) ज्यांच्यात जागता होता, त्यांच्यात कळा आपोआप लवकर सुरू होऊन अपुऱ्या दिवसांचं मूल होण्याची शक्यता सुमारे 35 टक्क्यांनी जास्त दिसली. म्हणून आघाताचे उपचार हा बाळंतपणाच्या काळजीचाच भाग आहे.

रात्री 9
गावी सकाळ झालेली असते. आईचा फोन. दुपारी फोनवर बोललेल्या बाईची हकीकत नाव न घेता सांगितली. आई म्हणाली, "मग तिच्या उशाशी कोण हाय? सव्वा महिना तरी कुणी आराम करू दिला का न्हाई?"

आईचा हा प्रश्न आपल्याकडेही येणार आहे. 8 मे 2021 ला बंगळुरूमध्ये भारतीय लष्करी पोलिसांतल्या 83 मुलींची पहिली तुकडी प्रशिक्षण संपवून बाहेर पडली. अशा मुली पुढेमागे आपल्याच गावांत, आपल्याच घरांत बाळंतीण होऊन येतील. काकांसाठी आम्ही अंगणात गेलो, तसे तुम्ही त्यांच्यासाठीही जा. त्यांना झोपू द्या.