वचन ठरलेले, ऋतू झाडीचा

ख्रिस्ती उपासनेत शास्त्रवाचन झाले की त्यावर प्रवचन होते. कोणत्या रविवारी बायबलमधला कोणता उतारा वाचायचा, हे बहुतेक जुन्या पंथांत प्रवचनकाराच्या मर्जीवर सोडलेले नसते. ते उपासना-वर्षाच्या पंचांगाने ठरते. हे वर्ष नोव्हेंबरच्या अखेरीस किंवा डिसेंबरच्या आरंभी सुरू होते आणि येशूच्या जन्माची प्रतीक्षा, जन्म, उपवास, मरण, पुनरुत्थान व पवित्र आत्म्याचे आगमन या क्रमाने वर्षभर पुढे सरकते. प्रवचनकाराला त्या क्रमाबरोबर चालावे लागते. आवडीचे दोन-चार उतारे पुन्हापुन्हा घोळवण्याची सवलत त्याला नसते आणि अवघड उतारा टाळण्याचीही नसते.

गडचिरोली जिल्ह्याच्या उत्तर भागातील कुरखेडा हा सती नदीकाठचा तालुका. धानाच्या बांध्या आणि जंगल यांच्यावर इथले जगणे चालते. ख्रिस्ती समाज संख्येने थोडा आहे. तरी चांदा, म्हणजे आजचे चंद्रपूर, आणि नागपूर यांच्या टापूत उपासना-वर्षाच्या निरनिराळ्या परंपरा येऊन पोहोचल्या आणि त्या सगळ्यांना झाडीपट्टीच्या, म्हणजे या जंगलपट्ट्याच्या, ऋतूंशी जुळवून घ्यावे लागले.

वर्षाची मांडणी

या पंचांगाला दोन खांब आहेत. नाताळची तारीख, २५ डिसेंबर, पक्की आहे. पुनरुत्थानाचा सण म्हणजे ईस्टर मात्र चंद्रावर ठरतो: २१ मार्च रोजी किंवा त्यानंतर येणाऱ्या पौर्णिमेपुढचा रविवार. त्यामुळे पाश्चात्त्य गणनेत ईस्टर २२ मार्च ते २५ एप्रिल यांच्या दरम्यान कधीही येतो आणि त्याच्या मागचे-पुढचे सण त्याच्याबरोबर सरकतात.

कॅथॉलिक पंथाच्या रोमन रीतीत वर्षाची सुरुवात आगमनकाळाने होते. नाताळपूर्वीच्या चार रविवारांचा हा काळ. पहिल्या रविवारी जागे राहण्याचा इशारा वाचला जातो, दुसऱ्या-तिसऱ्या रविवारी बाप्तिस्मा करणारा योहान समोर येतो आणि चौथ्या रविवारी जन्माआधीच्या घटना येतात. नाताळनंतर प्रकटीकरणाचा सण, मग काही आठवडे सामान्यकाळ. राखेच्या बुधवारी ४० दिवसांचा प्रायश्चित्तकाळ सुरू होतो. त्याच्या पहिल्या रविवारी येशूची अरण्यातील परीक्षा आणि दुसऱ्या रविवारी त्याचे रूपांतर हे विषय दरवर्षी येतात. झावळ्यांच्या रविवारपासून पवित्र सप्ताह, त्यात शुभ शुक्रवार, आणि मग ५० दिवसांचा पुनरुत्थानकाळ. या काळात पहिले वाचन जुन्या करारातून न घेता ‘प्रेषितांची कृत्ये’मधून घेतात. पन्नासाव्या दिवसाच्या सणाने, म्हणजे पेंटेकॉस्टने, हा काळ संपतो. उरलेले आठवडे सामान्यकाळाचे. शेवटच्या रविवारी ख्रिस्तराजाचा सण असतो. तो पोप अकरावे पायस यांनी १९२५ मध्ये सुरू केला.

काळ बदलला की धर्मगुरूंच्या झग्याचा रंगही बदलतो. आगमन व प्रायश्चित्तकाळात जांभळा, नाताळ व पुनरुत्थानकाळात पांढरा, पेंटेकॉस्टला लाल आणि सामान्यकाळात हिरवा. प्रवचनाचा सूर कोणता राहील, याचा अंदाज वाचन ऐकण्याआधीच उपासकांना येतो.

तीन वर्षांचा वाचनक्रम

पूर्वी रोमन रीतीत रविवारची वाचने एका वर्षात फिरत. तोच उतारा दर बारा महिन्यांनी परत येई. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने १९६३ मध्ये उपासनेवरील दस्तऐवजात दोन गोष्टी ठरवल्या: उपासकांसाठी बायबलचे भांडार अधिक उघडावे आणि प्रवचन हा उपासनेचाच भाग मानावा. त्यानुसार १९६९ मध्ये तीन वर्षांचा क्रम आला. ‘अ’ वर्षात मत्तयाचे, ‘ब’ वर्षात मार्काचे आणि ‘क’ वर्षात लूकचे शुभवर्तमान चालते. योहानाचे शुभवर्तमान प्रायश्चित्त व पुनरुत्थान काळात विखुरलेले आहे. मार्काचे शुभवर्तमान आखूड असल्याने ‘ब’ वर्षात पाच रविवार योहानाचा सहावा अध्याय वाचतात. ज्या सनाला तीनने भाग जातो ते ‘क’ वर्ष. म्हणून २०२५ हे ‘क’ वर्ष आणि २०२६ हे ‘अ’ वर्ष. अक्षर मात्र आधीच्या आगमनकाळापासूनच लागू होते. प्रॉटेस्टंट मंडळ्यांसाठी याच धर्तीवर १९९२ मध्ये एक सामाईक वाचनक्रम तयार झाला आणि जगातल्या अनेक मंडळ्या तो वापरतात.

चांदा धर्मप्रांताचे नऊ काळ

कुरखेड्याचा कॅथॉलिक कारभार मात्र रोमन रीतीच्या नागपूर महाधर्मप्रांताकडे नाही. चंद्रपूर, गडचिरोली व वर्धा हे जिल्हे चांदा धर्मप्रांतात येतात आणि तो सीरो-मलबार पंथाचा आहे. हा केरळातील संत थॉमसच्या ख्रिस्ती लोकांचा पंथ. त्याची उपासना पूर्व सिरियाच्या परंपरेतून आली. १९६२ मध्ये केरळच्या सीएमआय (कार्मेलाइट्स ऑफ मेरी इमॅक्युलेट) या धर्मसंघाच्या धर्मगुरूंकडे या भागाचे काम सोपवण्यात आले आणि १९७७ मध्ये त्याला पूर्ण धर्मप्रांताचा दर्जा मिळाला. बिशपांचे पीठ बल्लारपूरला आहे.

या परंपरेत वर्षाचे नऊ काळ आहेत: मंगलवार्ता, जन्म, प्रकटीकरण, महाउपवास, पुनरुत्थान, प्रेषित, कैता, एलिया-क्रूस-मोशे आणि मंदिर-समर्पण. पूर्ण क्रमात रविवारी चार वाचने असतात: नियमशास्त्र, संदेष्टे, पत्रे आणि शुभवर्तमान. महाउपवास ५० दिवसांचा धरतात व तो बुधवारी सुरू न होता सोमवारी सुरू होतो. २०२६ मध्ये रोमन रीतीची राख १८ फेब्रुवारीला आली, तर सीरो-मलबार रीतीची १६ तारखेला. ईस्टर मात्र दोघांचा एकच, ५ एप्रिल.

एका प्रसंगावर दोन्ही रीती एकत्र येतात. ईस्टरनंतरच्या रविवारी थॉमसच्या शंकेची गोष्ट दरवर्षी वाचली जाते. रोमन प्रवचनात ती श्रद्धा आणि संशय यांची गोष्ट असते. सीरो-मलबार प्रवचनात तिला आणखी एक पदर मिळतो: हा थॉमस त्यांच्या मंडळीचा मूळपुरुष. ३ जुलैला त्याचा स्मृतिदिनही पाळला जातो.

स्कॉटलंडहून आलेल्या दोन रीती

प्रॉटेस्टंट बाजूला याच टापूत एक विरोधाभास घडला. स्टीफन हिस्लॉप १८४५ च्या सुमारास नागपुरात आले, ते स्कॉटलंडच्या फ्री चर्चचे. त्या प्रेस्बिटेरियन परंपरेने धर्मसुधारणेनंतर सणांचे पंचांगच नाकारले होते. स्कॉटलंडमध्ये नाताळची सार्वजनिक सुटीदेखील १९५८ मध्ये आली. अशा मंडळीत प्रवचनकार बायबलचे एखादे पुस्तक घेऊन अध्यायामागून अध्याय उलगडत जातो. या पद्धतीचे जुने उदाहरण म्हणजे झुरिकचे झ्विंगली. त्यांनी १५१९ च्या आरंभी ठरलेले उतारे बाजूला ठेवून मत्तयापासून सलग विवेचन सुरू केले. उलट जर्मनीत लूथर यांनी सणांचे वर्ष आणि रविवारची वाचने बव्हंशी कायम ठेवली.

पुढे चांद्याला मिशन आले तेही स्कॉटलंडचेच, पण एपिस्कोपल चर्चचे. अँग्लिकन घराण्यातील या पंथात प्रार्थनापुस्तकाने प्रत्येक रविवारची प्रार्थना, पत्र आणि शुभवर्तमान नेमून दिलेले असते. संस्कृत पंडित नीळकंठशास्त्री गोरे, म्हणजेच फादर नेहेम्या गोरे, यांनी काही काळ चांद्याच्या या मिशनमध्ये काम केले.

एकाच देशातून आलेल्या या दोन परंपरा शेवटी नागपुरातच एका छत्राखाली आल्या. २९ नोव्हेंबर १९७० रोजी तिथे सहा मंडळ्या मिळून चर्च ऑफ नॉर्थ इंडिया स्थापन झाले. तो दिवस रविवार होता, आणि तोही आगमनकाळाचा पहिला. नव्या उपासना-वर्षाच्या पहिल्याच दिवशी ही नवी मंडळी जन्माला आली.

झाडीचे वर्ष आणि वाचने

उपासना-वर्ष भूमध्य समुद्राच्या काठी घडले. त्यातली शेती गहू, जव, द्राक्षे आणि ऑलिव्ह यांची आहे. कुरखेड्यात ते पंचांग धान, मोह आणि तेंदूपत्त्याच्या वर्षावर येऊन बसते. सांधा कुठे आपोआप जुळतो, कुठे प्रवचनकाराला जुळवावा लागतो.

आगमनकाळ येतो तेव्हा धानाची कापणी आटोपत आलेली असते, गावोगावी मंडई नावाची जत्रा भरते आणि झाडीपट्टीच्या नाटकांचा हंगाम रंगलेला असतो. घरात धान्य आणि बाहेर करमणूक असताना जागे राहा, असे सांगणारा उतारा वाचला जातो. प्रायश्चित्तकाळ ऐन मोहाच्या दिवसांत पडतो. मार्च-एप्रिलमध्ये पहाटेच मोहफुले वेचायला माणसे जंगलात जातात. याच दिवसांत ‘अ’ वर्षात शोमरोनी स्त्रीची गोष्ट येते: भर दुपारी विहिरीवर पाणी भरायला आलेली बाई आणि तिच्याकडे पाणी मागणारा येशू. मार्चच्या उन्हात पाण्यासाठी पायपीट करणाऱ्या श्रोत्यांना तहान म्हणजे काय, ते समजावून द्यावे लागत नाही. पेंटेकॉस्ट साधारण मे महिन्याच्या मध्यापासून जूनच्या मध्यापर्यंत येतो. तेंदूपत्त्याची तोडणी आणि पहिल्या पावसाची वाट यांच्या आसपास.

सर्वांत नेमका मेळ जुलैत बसतो. ‘अ’ वर्षात रोमन आणि सामाईक या दोन्ही वाचनक्रमांत जुलैच्या मध्याला पेरणाऱ्याचा दाखला येतो आणि पुढच्या रविवारी गव्हातल्या निदणाचा. तेव्हा झाडीत रोवणी चालू असते. रोवणीत पऱ्हे, म्हणजे रोपे, हाताने चिखलात लावतात, त्यामुळे वाटेवर, खडकावर, काट्यांत पडणारे बी इथल्या शेतकऱ्याला परके वाटू शकते. पण आवत्या पद्धतीत धान फेकूनच पेरतात. तिचा उल्लेख केला की दाखला जवळचा होतो. निदणाचेही तसेच. पॅलेस्टाईनमधले ते तण ओंबी येईपर्यंत गव्हासारखे दिसते. धानाच्या बांधीतही लोंब येईपर्यंत ओळखू न येणारे जंगली धान उगवते. आताच उपटू नका, असे मालक का म्हणतो, हे शेतकरी श्रोत्याला लगेच कळते.

सीरो-मलबार वर्षात जुलै-ऑगस्टचा काळ कैता, म्हणजे उन्हाळा. सिरियात तो पीक हाती येण्याचा ऋतू असल्याने या काळाचा विषय मंडळीची फलप्राप्ती हा आहे. झाडीत त्याच आठवड्यांत धो-धो पाऊस असतो आणि पीक अजून पाण्यात उभे असते. इथे प्रवचनकाराला फळाऐवजी लावणीपासून सुरुवात करणे सोयीचे पडते. याउलट सप्टेंबरच्या आसपासचा एलिया-क्रूस-मोशे काळ न्याय आणि ख्रिस्ताच्या पुनरागमनाकडे पाहतो, तेव्हा धान पोटरीत येऊन कापणीची वाट पाहत असते.

प्रवचनाची घडण

नेमलेल्या उताऱ्यावरील प्रवचनाचे काम तीन टप्प्यांचे असते: उतारा मूळ संदर्भात काय सांगतो ते पाहणे, त्या दिवशीच्या इतर वाचनांशी आणि काळाशी त्याचे नाते शोधणे, आणि मग श्रोत्यांच्या जगण्यात त्याला जागा करून देणे. पोप फ्रान्सिस यांनी २०१३ च्या ‘इव्हांजेली गाउडियुम’ या प्रबोधनपत्रात प्रवचन आणि त्याची तयारी यांवर विस्ताराने लिहिले. २०२४ मध्ये त्यांनी प्रवचन आठ मिनिटांपेक्षा लांबवू नये, असेही सांगितले. प्रॉटेस्टंट मंडळ्यांत पाळकाचा ‘संदेश’ पुष्कळदा याहून बराच लांब असतो, कारण तिथे तोच उपासनेचा मुख्य भाग मानला जातो.

मराठीत या कामाला देशी रूपेही मिळाली. फादर थॉमस स्टीफन्स यांचे ‘क्रिस्तपुराण’ १६१६ मध्ये गोव्यात छापले गेले. बायबलची कथा ओव्यांत सांगणारा हा ग्रंथ चर्चमध्ये वाचला जाई. पुढे अहमदनगरच्या मंडळीत ख्रिस्ती कीर्तन रुजले आणि नारायण वामन टिळकांनी त्याला काव्याची जोड दिली. टिळकांच्या हाती नवा करार पहिल्यांदा आला तो १८९३ मध्ये, गडचिरोलीच्या सीमेपलीकडल्या राजनांदगावला जाताना आगगाडीत.

कुरखेडा-कोरची पट्ट्यात भाषेचा प्रश्न अधिक गुंतागुंतीचा आहे. ग्रंथ प्रमाण मराठीत, घरातली बोली झाडीची, शेजारच्या पाड्यावर गोंडी, आणि सीमेलगत छत्तीसगढी. हिस्लॉप यांनी हे फार आधी ओळखले होते. त्यांनी गोंडांच्या लिंगो या पुराणपुरुषाची गाथा टिपून ठेवली आणि ती १८६६ मध्ये, त्यांच्या मृत्यूनंतर, ब्रिटिश प्रशासक रिचर्ड टेंपल यांनी प्रसिद्ध केली. वाचनक्रम उतारा आणि तारीख देतो. श्रोत्याची बोली, त्याचे शेत आणि त्याचा हंगाम प्रवचनकाराने स्वतः शिकून घ्यायचा असतो.