घरचा संगणक (लेखांक ४) : स्वस्तातल्या मशीनमध्ये पैसा नेमका जातो कुठे?

मागच्या आठवड्यात लॅपटॉप की डेस्कटॉप, याचा निकाल लावला. एका जागी बसून काम करायचं आहे, घरातल्या दोघा-तिघांनी मिळून मशीन वापरायचं आहे आणि पैसा मोजकाच आहे, तर डेस्कटॉप. आता त्याच्या पुढचा प्रश्न. कंपनीचा तयार डेस्कटॉप आणावा, की सुटे भाग निवडून असेंबल करून घ्यावा?

यावर आपल्याकडे वर्षानुवर्षं एकच उत्तर ऐकू येतं : असेंबल्ड स्वस्त पडतो. ग्रँट रोड स्टेशनात उतरून लॅमिंग्टन रोडवर दहा दुकानं पालथी घालणारे हेच सांगत आले, आणि त्या काळी त्यात तथ्यही होतं. पण आज हे सरसकट खरं नाही. बजेट जितकं कमी, तितकं ते कमी खरं.

मुळात संगणक सुट्या भागांतून जोडता येतो, हेच एक नवल आहे. फ्रिज किंवा टीव्ही आपण असा जोडून घेत नाही. याचं मूळ १९८१ सालात आहे. आयबीएमने आपला पीसी बाजारात आणला तेव्हा घाईपोटी बरेचसे भाग बाहेरून घेतले. प्रोसेसर इंटेलचा, ऑपरेटिंग सिस्टिम मायक्रोसॉफ्टची. जे भाग आयबीएमला विकत मिळत होते ते इतरांनाही मिळत होते, त्यामुळे काही वर्षांतच तसेच संगणक बनवणाऱ्या कंपन्या उभ्या राहिल्या. पुढे १९९५मध्ये इंटेलने एटीएक्स हे मानक आणलं. मदरबोर्डवरची स्क्रूची भोकं कुठे असावीत, वीजपुरवठ्याची पिन कशी असावी, हे त्याने ठरवून दिलं. म्हणून एका कंपनीचं कॅबिनेट, दुसरीचा बोर्ड आणि तिसरीचा एसएमपीएस (वीजपुरवठ्याचा डबा) आजही एकमेकांत बसतात. असेंबल्ड संगणकाची खरी ताकद या मानकात आहे. किमतीचा मुद्दा त्यानंतरचा.

आता किमतीकडे वळू. संगणकाचे काही भाग असे आहेत की बजेट निम्मं केलं तरी त्यांचा खर्च निम्मा होत नाही. कॅबिनेट लागतंच. बरा एसएमपीएस लागतोच. साधा का होईना, मदरबोर्ड लागतो. कीबोर्ड, माउस, मॉनिटर लागतो. विंडोज हवी असेल तर तिचं लायसन्स लागतं. या सगळ्यावर १८ टक्के जीएसटी. हा न टळणारा खर्च वजा केला की कामाचा वेग ज्यांच्यावर ठरतो त्या प्रोसेसर, रॅम आणि एसएसडीसाठी हातात थोडेच पैसे उरतात. मोठी कंपनी हेच न टळणारे भाग लाखांच्या संख्येने घेते. तिला कॅबिनेट आणि लायसन्स ज्या भावात पडतं त्या भावात ते आपल्याला कधीच मिळणार नाही. म्हणून अगदी तळाच्या बजेटमध्ये कंपनी आपल्यापेक्षा स्वस्तात मशीन बनवू शकते. बजेट वाढतं तसा हा न टळणारा खर्च एकूण रकमेच्या मानाने लहान होत जातो, आणि मग प्रत्येक भाग स्वतः निवडण्याचा फायदा दिसू लागतो.

लायसन्सबद्दल थोडं स्पष्ट बोलायला हवं. असेंबल्ड संगणकाच्या कोटेशनमध्ये विंडोजची किंमत बहुतेक वेळा नसतेच, कारण दुकानदार 'टाकून देतो' ती प्रत चोरीची असते. त्यामुळे तुलना सुरुवातीपासूनच चुकते. लायसन्सचे पैसे धरायचे, किंवा लिनक्स मिंट, उबंटू यांसारखी मोफत आणि कायदेशीर सिस्टिम घ्यायची. अभ्यास, लिखाण, इंटरनेट, व्हिडिओ आणि इनस्क्रिप्टमधून मराठी टायपिंग एवढंच करायचं असेल, तर लिनक्सवर काहीही अडत नाही. टॅली किंवा फक्त विंडोजवर चालणारं दुसरं सॉफ्टवेअर लागत असेल, तर मात्र लायसन्सची रक्कम हिशेबात आधी लिहा.

दुसरी गोष्ट रॅमची. २०२५च्या उत्तरार्धापासून रॅमचे भाव झपाट्याने चढले. जगातली बहुतेक मेमरी सॅमसंग, एसके हायनिक्स आणि मायक्रॉन या तीनच कंपन्या बनवतात, आणि कृत्रिम बुद्धिमत्तेच्या डेटा सेंटरांची मागणी त्यांना जास्त फायद्याची झाली आहे. डिसेंबर २०२५मध्ये मायक्रॉनने तर 'क्रूशल' या नावाने होणारी घरगुती ग्राहकांसाठीची विक्री बंद करत असल्याचं जाहीर केलं. सुटे भाग घेणाऱ्याला ही वाढ लगेच आणि पुरती सोसावी लागते. रॅम आधीपासूनच आत असलेलं तयार मशीन जुन्या भावाच्या साठ्यातलं असेल, तर तिथे आज खरी बचत होते. दोन वर्षांपूर्वीचा सल्ला आज तसाच्या तसा वापरता येत नाही, तो यामुळे.

तयार आणि असेंबल्ड या दोन पर्यायांच्या मधला तिसरा पर्याय अनेकांच्या लक्षातच येत नाही, तो म्हणजे रिफर्बिश्ड ऑफिस मशीन. मोठ्या कंपन्या आणि बँका आपले डेस्कटॉप ठरावीक वर्षांनी बदलतात. डेल ऑप्टिप्लेक्स, एचपी एलिटडेस्क, लेनोवो थिंकसेंटर ही मशीन मग साफ करून, तपासून पुन्हा विकली जातात. ती रोज आठ-दहा तास चालावीत अशीच बनवलेली असतात, त्यामुळे नव्या पण तळाच्या दर्जाच्या मशीनपेक्षा त्यांचा बांधा पुष्कळदा चांगला असतो.

मात्र इथे एक रेषा काटेकोरपणे पाळा. विंडोज १०चा नियमित आधार १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला. विंडोज ११ अधिकृतपणे चालण्यासाठी इंटेलचा प्रोसेसर सर्वसाधारणपणे आठव्या पिढीचा किंवा त्यापुढचा लागतो, आणि टीपीएम २.० ही सुरक्षा व्यवस्थाही लागते. म्हणजे आय५-८५०० चालेल, पण आय५-७५०० आणि आय५-६५०० या अटीत बसत नाहीत. बाजारात स्वस्त म्हणून जी मशीन पुढे केली जातात त्यांत सहाव्या-सातव्या पिढीचीच गर्दी असते, ती याच कारणाने. लिनक्स वापरणाऱ्याला ती चालतील, पण मग भावही त्या हिशेबाने पाडून मागा.

पिढीची ही गोष्ट असेंबल्ड मशीनलाही लागू आहे, आणि ग्राहक सर्वांत जास्त फसतो तो इथेच. 'आय७, १६ जीबी रॅम, १ टीबी' एवढंच लिहिलेली जाहिरात दिसली की पिढी विचारा. तो आय७-४७७० असेल तर तो २०१३चा प्रोसेसर आहे. २०२२च्या साध्या आय३-१२१००लाही चारच कोअर आहेत, तरीही तो त्या आय७पेक्षा स्पष्टपणे वेगवान आहे. जुना प्रोसेसर नव्या, बिननावाच्या बोर्डवर बसवून चकचकीत कॅबिनेटमध्ये विकला जातो, आणि काचेतून दिसणाऱ्या रंगीत दिव्यांकडे पाहून घरातली मुलं त्यावरच अडून बसतात. मुलांना समजावणं कठीण आहे, पण ते करावं लागेल.

मग असेंबल कुणी करावा? ज्याला मशीन सहा-आठ वर्षं चालवायचं आहे, मधे रॅम, प्रोसेसर किंवा ग्राफिक्स कार्ड वाढवायचं आहे आणि ज्याच्या गावात भरवशाचा दुकानदार आहे, त्याने. अनेक ब्रँडेड ऑफिस मशीनमध्ये एसएमपीएस आणि त्याची जोडणी कंपनीची स्वतःची असते. तो बिघडला तर बाजारातला साधा एसएमपीएस तिथे बसत नाही. असेंबल्डमध्ये ही अडचण नाही. प्रोसेसर वाढवण्याबाबत एएमडीच्या एएम४ सॉकेटचं उदाहरण घ्या. २०१७ साली घेतलेल्या अनेक बोर्डांवर नुसतं बायोस अद्ययावत करून पाच वर्षांनी आलेला प्रोसेसर बसवता आला. तयार मशीनमध्ये अशी सोय क्वचितच असते.

घरगुती कामासाठी वेगळं ग्राफिक्स कार्ड घेऊ नका. प्रोसेसरमध्येच ग्राफिक्स असलेला पर्याय निवडा : एएमडीचा रायझन ५ ५६००जी किंवा इंटेलचा आय३-१२१००. इथे एका अक्षराने घात होतो. आय३-१२१००एफ थोडा स्वस्त मिळतो, पण 'एफ' असलेल्या प्रोसेसरमध्ये ग्राफिक्स नसतं. वेगळं कार्ड घेतल्याशिवाय मॉनिटरवर काहीच उमटणार नाही. एएमडीकडे उलटं आहे : ५६००जीमध्ये ग्राफिक्स आहे, नुसत्या ५६००मध्ये नाही. कोटेशन वाचताना हे एक अक्षर बोट ठेवून तपासा.

रॅम शक्यतो ८ जीबीच्या दोन पट्ट्या घ्या, १६ची एक नको. अंगचं ग्राफिक्स मुख्य मेमरीच वापरतं, आणि दोन पट्ट्या असल्या की ते दोन्ही मार्गांनी एकदम माहिती उचलू शकतं. एवढे पैसे नसतील तर आज ८ची एक घ्या, पण बोर्डवर दुसरी जागा रिकामी आहे ना, ते पाहा. विंडोज हार्ड डिस्कवर ठेवू नका, ती एसएसडीवरच हवी. जुन्या मशीनलाही एसएसडी बसवली की सुरू व्हायला लागणारा वेळ डोळ्यांदेखत कमी होतो.

काटकसर करायची तर कॅबिनेटमध्ये करा, एसएमपीएसमध्ये कधीच नाही. हा डबा भिंतीतल्या २३० व्होल्टचं रूपांतर १२, ५ आणि ३.३ व्होल्टमध्ये करतो. मशीनमधला प्रत्येक महागडा भाग त्याच्या जिवावर असतो. स्वस्त कॅबिनेटबरोबर 'फुकट' येणाऱ्या एसएमपीएसवर ४५० वॉट छापलेलं असलं तरी तेवढा भार तो पेलेल याची खात्री नसते, आणि जादा दाबापासून रक्षण करणारी व्यवस्था त्यात अनेकदा तोकडी असते. ज्या भागात संध्याकाळी पंखे मंदावतात आणि रात्री बल्ब उडतात, तिथे तर हा धोका घेऊच नये. नावाजलेल्या कंपनीचा, '८० प्लस' प्रमाणपत्र असलेला एसएमपीएस घ्या.

स्वतःच्या हाताने जोडावं का? हौस असेल तर जरूर, शिकण्यासारखं पुष्कळ आहे. पण एक जाणून घ्या. एएम४च्या प्रोसेसरला खाली नाजूक पिना असतात. इंटेलच्या १७०० सॉकेटमध्ये त्या बोर्डवर असतात. हात घसरून एखादी पिन वाकली की त्या नुकसानीला वॉरंटी मिळत नाही. दुकानदाराने जोडलं तर ही जोखीम त्याची. बजेट घट्ट असेल तर पहिलं मशीन दुकानदाराकडूनच जोडून घ्या आणि शेजारी उभं राहून पाहा.

शेवटी दुरुस्तीचं. ब्रँडेड मशीनला सहसा सबंध मशीनची एकच वॉरंटी असते, फोन एकाच ठिकाणी करायचा. माणूस घरी येऊन दुरुस्त करेल असं लिहिलेलं असतं, पण तुमच्या पिनकोडवर ती सेवा आहे का, हे पैसे देण्याआधी विचारा. असेंबल्डमध्ये प्रत्येक भागाची वॉरंटी वेगळी असते. सीलबंद डब्यातल्या प्रोसेसरला कंपनीची तीन वर्षांची हमी मिळते, डब्याविना येणाऱ्या 'ट्रे' प्रोसेसरला ती नसते. कोणता भाग बिघडला हे शोधून काढणारा माणूस जवळ असेल, तरच या वेगवेगळ्या वॉरंट्यांचा उपयोग.

माझं मत सांगतो. मुलांचा अभ्यास, अर्ज भरणं, पत्रं, थोडा हिशेब एवढंच काम असेल आणि पैसा अगदी मर्यादित असेल, तर आठव्या पिढीचं किंवा त्यापुढचं, किमान एक वर्षाची लेखी वॉरंटी असलेलं रिफर्बिश्ड ऑफिस मशीन घ्या. त्याहून थोडा जास्त खर्च झेपत असेल आणि गावात चांगला दुकानदार असेल, तर अंगच्या ग्राफिक्सचा प्रोसेसर घेऊन असेंबल करा. जवळ दुरुस्ती करणारं कुणीच नसेल, तर नवं ब्रँडेड घ्या.

तिन्हींपैकी काहीही घेतलंत तरी जीएसटीचं पक्कं बिल मागा. असेंबल्ड असेल तर त्यावर प्रत्येक भागाचं मॉडेल आणि सिरीयल नंबर लिहून घ्या. बिल नको म्हटलं तर पैसे कमी करतो, असं सांगणाऱ्या दुकानातून काहीही विकत घेऊ नका.

(पुढील लेखांकात : मॉनिटर, यूपीएस आणि अर्थिंग)