दगडांत कोरलेली मुंबई

मुंबईच्या कोट विभागातून दररोज लाखो नागरिकांची ये-जा होत असते. कचेरी गाठण्याच्या वा गाडी पकडण्याच्या घाईत त्यांची दृष्टी इमारतींच्या वरच्या भागाकडे सहसा वळत नाही. परंतु घटकाभर थांबून पाहणाऱ्यास तेथे दगडी माकडे, मोर, खारी, घुबडे आणि मानवी आकृत्या यांचे एक आगळे जग आढळते. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात उभ्या राहिलेल्या या वास्तूंवरील हे कोरीवकाम केवळ शोभेसाठी नाही. त्यातील काहींना उपयुक्तता आहे, काहींना अर्थ आहे आणि बहुतेकांमागे येथील कारागिरांचा हात आहे.

छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनस या स्थानकाचे काम १८७८ मध्ये सुरू झाले. वास्तुविशारद फ्रेडरिक विल्यम स्टीव्हन्स यांनी त्याचा आराखडा तयार केला. प्रवेशद्वाराच्या एका खांबावर सिंह व दुसऱ्यावर वाघ बसविला आहे. सिंह ब्रिटनचे, तर वाघ हिंदुस्थानचे प्रतीक होय. घुमटावरील स्त्रीमूर्ती प्रगतीची निदर्शक आहे. भिंतींवरील पाने, फुले, पशू व पक्षी कोरण्यात सर ज. जी. कलाशाळेच्या विद्यार्थ्यांचा मोठा वाटा होता. २००४ मध्ये या वास्तूचा समावेश युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत झाला.

उपयोग आणि कल्पकता

गॉथिक शैलीच्या अशा इमारतींच्या छपराजवळ भिंतीबाहेर झेपावलेली प्राण्यांची मुखे दिसतात. छपरावर साचणारे पाणी भिंतीपासून दूर फेकणे, हे अशा मुखांचे मूळ कार्य होय. मुंबईसारख्या मुसळधार पावसाच्या शहरात त्याचे महत्त्व सहज ध्यानी येईल. आपल्या प्राचीन मंदिरांतही अभिषेकाचे जल गाभाऱ्याबाहेर नेणाऱ्या पन्हळीस मगरीचे वा गाईचे मुख देत असत. गरज एकच, दोन भिन्न परंपरांनी तिला आपापल्या परीने सुंदर रूप दिले.

मुंबई उच्च न्यायालयाची इमारत कर्नल जेम्स फुलर यांच्या आराखड्यानुसार १८७८ मध्ये पूर्ण झाली. येथे एका डोळ्यावर पट्टी बांधलेले, हाती तराजू धरलेले माकड कोरलेले आहे. वकिलाची गळपट्टी ल्यालेला कोल्हाही आहे. न्यायालयात दावा हरलेल्या एका कंत्राटदाराने अशा प्रकारे आपला रोष प्रकट केला, अशी आख्यायिका सांगितली जाते.

कारागिरांचा ठसा

त्याच वर्षी पूर्ण झालेला विद्यापीठाचा राजाबाई मनोरा सुमारे २८० फूट उंच आहे. दानशूर व्यापारी प्रेमचंद रायचंद यांनी आपल्या मातेच्या नावे त्यासाठी देणगी दिली. या मनोऱ्यावर पश्चिम भारतातील विविध जातिजमातींचे पेहराव दर्शविणाऱ्या २४ मूर्ती आहेत. त्या रावबहादूर मुकुंद रामचंद्र या एतद्देशीय अभियंत्याने घडविल्या. इमारतीचा आराखडा सर जॉर्ज गिल्बर्ट स्कॉट या इंग्रज वास्तुविशारदाचा असला, तरी तिच्यावरील चेहरे मात्र येथील माणसांचे आहेत.

१८६९ मध्ये बांधून झालेल्या क्रॉफर्ड मार्केटच्या, म्हणजेच आजच्या महात्मा ज्योतिबा फुले मंडईच्या, प्रवेशद्वारावरील शिल्पपट्टांत शेतात राबणारे शेतकरी आढळतात. कलाशाळेतील शिक्षक लॉकवुड किपलिंग यांनी ती शिल्पे साकारली. शहराचे पोट भरणाऱ्या मंडईच्या दारावर शेतकऱ्यालाच मान मिळावा, हे औचित्यपूर्णच म्हटले पाहिजे.

जतनाची निकड

या वास्तूंसाठी काळा बेसॉल्ट, मालाडचा पिवळसर दगड आणि पोरबंदरचा चुनखडी दगड वापरला गेला. पोरबंदरचा दगड मऊ असल्याने त्यावर नाजूक कोरीवकाम करता येते. मात्र त्याच कारणाने तो लवकर झिजतो. हवेतील गंधकयुक्त वायूंमुळे त्यावर काळा थर चढतो व पुढे पापुद्रे सुटू लागतात. त्यावर सिमेंटचा गिलावा किंवा तैलरंग चढविल्यास ओल आत कोंडली जाते आणि हानी अधिकच वाढते. म्हणून चुन्याचाच दर्जा भरणे, पाण्याच्या वाटा मोकळ्या ठेवणे आणि जाणकाराच्या सल्ल्यावाचून छिन्नी न लावणे, ही पथ्ये पाळणे आवश्यक ठरते.

बृहन्मुंबईत १९९५ मध्ये वारसा नियमावली लागू झाली. २०१८ मध्ये उच्च न्यायालय व विद्यापीठ यांसह गॉथिक आणि आर्ट डेको वास्तुसमूहास जागतिक वारशाचा मान मिळाला. तथापि केवळ नियमांनी वास्तू टिकत नाहीत. गावच्या मंदिराच्या उंबरठ्यावरील कीर्तिमुख, गढीच्या दारावरील शरभ किंवा वाड्याच्या तुळईवरील नक्षी यांवरही दुरुस्तीच्या नावाखाली रंगाचे वा सिमेंटचे थर चढत असतात. दुरुस्तीचा ठराव करण्यापूर्वी ग्रामपंचायतीने अशा खुणांची नोंद व छायाचित्रे करून ठेवावीत. शिक्षकांनी विद्यार्थ्यांना त्या जवळून दाखवाव्यात. एकदा छिलून गेलेली मूर्ती पुन्हा घडविता येईल, पण तिच्यावरील मूळ कारागिराचा हात मात्र परत येणार नाही.