आधी खोल्याचा आस मोजा

मिरकरवाड्याच्या बंदरात ट्रॉलर लागला की आधी उतरतो तो बर्फात रचलेला माल: म्हाकूल, मोठी कोळंबी, एखादी सुरमई. सगळ्यात शेवटी निघतो तो ढीग. बोटभर ढोमे, राणी माशांची पिल्लं, नांग्या तुटलेले खेकडे, चिरडलेल्या शिंपल्या. पूर्वी हा माल समुद्रातच फेकून देत. आता तो फिशमीलच्या कारखान्यात जातो आणि कोंबड्यांचं किंवा कोळंबी-प्रकल्पांचं खाद्य होतो. म्हणजे जो मासा वर्षभराने किलोला शेकडो रुपये देणार होता, तो आज मातीमोलाने जातो.

ट्रॉलिंगने पैसा आणला, हे खरंच आहे. परदेशी जाणारी म्हाकूल आणि समुद्रातली कोळंबी यांचा मोठा वाटा ट्रॉलरचाच. त्यामागे तांडेल, नेपाळहून आलेले खलाशी, बर्फाचे कारखाने, कोळंबी सोलणाऱ्या बायका, ट्रकवाले असा मोठा संसार आहे. ट्रॉलर उद्यापासून बंद करा म्हणणाऱ्यांनी एकदा पहाटेच्या लिलावाला उभं राहून यावं.

पण हे जाळं काम कसं करतं? बोट ते दोन-तीन तास मागे ओढत नेते. तोंड उघडं राहावं म्हणून दोन्ही बाजूंना जड फळ्या असतात, त्या तळावरून घासत जातात. तळाच्या चिखलात राहणारे किडे, शिंपल्या, लहान खेकडे नांगरून निघतात. माशांचं अन्नच ते. वाटेत आलेलं सगळं शेवटच्या पिशवीत, म्हणजे खोल्यात, गोळा होतं.

मुंबईच्या समुद्रातल्या चपट्या शेवंडीचं काय झालं ते पाहा. 1978पासून ट्रॉलर ती भरपूर आणू लागले. भाव चांगला, त्यामुळे अंडी घेतलेल्या माद्याही सुटल्या नाहीत. 1994पर्यंत ती धक्क्यावर दिसणं जवळपास थांबलं. सोळा वर्षांत एक धंदा उभा राहिला आणि बुडालाही. (डोल जाळीही पिल्लं मारतात, हे इथे सांगायला हवं. दोष एकट्या ट्रॉलरचा नाही.)

उपाय फार अवघड नाही. नेहमीच्या जाळ्याचे आस, म्हणजे भोकं, तिरके असतात. ओढ बसली की ते मिटतात आणि पिल्लं आत अडकतात. 40 मिलिमीटरचे चौकोनी आस ओढ बसली तरी उघडे राहतात. तेवढ्या बदलाने बरीच पिल्लं सुटून जातात. कासवांसाठीही जाळ्यात बसवायची जाळीदार चौकट आहे: मासळी गजांमधून मागे जाते, कासव वरच्या झडपेतून बाहेर. ती आपल्या बोटींवर नसल्यामुळे अमेरिकेने भारताची समुद्रात पकडलेली कोळंबी गेली काही वर्षं घेतलेली नाही. चार-दोन किलो मासळी निसटेल म्हणून चौकट टाळली आणि अख्खी बाजारपेठ गेली.

मग हे बदल करायला लावायचे कसे? ट्रॉलरच्या खर्चातला सर्वांत मोठा आकडा डिझेलचा. त्यावर सरकार परतावा देतं, म्हणून मासळी कमी झाली तरी फेरी परवडते आणि बोटी आणखी लांब, आणखी दिवस जातात. तोटा दिसत नाही; तो भरतो किनाऱ्याजवळ छोट्या होडीतून वावरी, म्हणजे उभी जाळी, टाकणारा, ज्याला डिझेलच्या परताव्याचा फारसा उपयोग नाही.

हा परतावा खोल्याचा आस मोजूनच द्यावा. भर समुद्रात गस्तीच्या बोटीने ट्रॉलरचा पाठलाग करण्यापेक्षा धक्क्यावर फुटपट्टी लावणं स्वस्त पडतं.